भोकरदनहून दिसणारा न घडलेला इतिहास

भोकरदन म्हटलं की जालना जिल्ह्यातल्या माणसाला केळणा नदी, तालुक्याची कचेरी आणि कापसाचा बाजार आठवतो. या गावाचं जुनं नाव भोगवर्धन. भारहुत आणि सांचीच्या स्तूपांवर हे नाव दगडात कोरलेलं आहे, कारण दोन हजार वर्षांपूर्वी भोगवर्धनच्या माणसांनी तिथे दान दिलं आणि दात्याच्या नावाशेजारी गावाचं नावही आवर्जून कोरवून घेतलं. १९७०च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केलं. सातवाहन काळातल्या वस्तू निघाल्या, आणि त्यात निघाली हस्तिदंताची एक मोडकी स्त्रीमूर्ती.

आता तिथून थेट इटलीत चला. १९३८ साली पाँपेईत अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला एका घरात हस्तिदंताचीच एक बाई सापडली. उंची जेमतेम पंचवीस सेंटिमीटर. हात भरून बांगड्या, पायांत वाळ्यांच्या थप्प्या, कमरेला मेखला, दोन बाजूंना दोन बुटक्या सेविका. डोक्याच्या वर भोक पाडलेलं, म्हणजे ही मूर्ती आरशाची मूठ तरी असावी किंवा एखाद्या बैठकीचा पाय तरी. तळाशी खरोष्ठी लिपीतलं अक्षर! इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली पाँपेई गाडलं गेलं, त्याच्या आधीच ही बाई भारतातून तिथे पोचली होती. सुरुवातीला ती मथुरेकडची असावी असं मानत. भोकरदनची मूर्ती हाती आल्यावर दोघींमधलं साम्य पाहून अनेक अभ्यासकांची नजर मराठवाड्याकडे वळली. तेरलाही अशीच एक हस्तिदंती मूर्ती मिळाली आहे.

यात अशक्य काहीच नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवलंय की भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर आहे, आणि या गावांतला माल गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून बंदरावर येतो. म्हणजे बैलगाडीने भडोच, जहाजाने तांबडा समुद्र, उंटावरून नाईल, पुन्हा जहाज, आणि मग पाँपेईतलं एका श्रीमंताचं घर.

इथेच एक कोडं उभं राहतं. हस्तिदंताची नाजूक बाई पहिल्या शतकात इटलीला पोचते. मग आपला ऊस तिथे पोचायला पुढची आठ-नऊशे वर्षं का लागावीत? आपले अंक इटलीच्या व्यापाऱ्यांच्या चोपड्यांत शिरायला तेरावं शतक का उजाडावं? वस्तू जाते आणि रोप जात नाही, असं का?

या कोड्याचं उत्तर शोधता शोधता आपण इतिहासातल्या एका प्रचंड ‘जर-तर’पाशी येतो. सातव्या शतकात अरबस्तानातून निघालेल्या फौजांनी शंभर वर्षांत सिंधपासून स्पेनपर्यंतचा मुलूख एका सत्तेखाली आणला. ते विजय झालेच नसते तर? प्रश्न हवेतला वाटेल. पण त्याचे खरेखुरे पुरावे दगडात, तांब्यात आणि शेतात शिल्लक आहेत, आणि त्यातले कितीतरी आपल्या महाराष्ट्रात आहेत!

आधी त्या विजयांपूर्वीचं जग पाहू. पश्चिम आशियात दोन महासत्ता समोरासमोर उभ्या होत्या, रोमन आणि इराणी. शतकानुशतकं त्यांची सीमा आजच्या सीरिया-इराकच्या आसपास कधी इकडे, कधी तिकडे सरकत होती. इ. स. ४०८-०९चा एक रोमन कायदा आजही वाचायला मिळतो. रोमन आणि इराणी व्यापाऱ्यांनी फक्त तीन गावांत एकमेकांशी व्यवहार करायचा, निसिबिस, कॅलिनिकम आणि आर्टाक्साटा. बाकी कुठेही नाही. का? तर परक्या राज्याची गुपितं कुणी काढून घेऊ नयेत म्हणून. एवढ्या लांबलचक सीमेवर तीन दरवाजे, आणि तिन्हींवर पहारा!

अशा नाक्यातून गाठोडं जातं, माणूस जातोच असं नाही. ऊस गाठोड्यातून नेता येत नाही. नुसतं बेणं नेऊन भागत नाही. ते कधी लावायचं, पाणी किती पाळ्या द्यायचं, रस किती आटवायचा आणि कढई कधी उतरवायची हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे, तो माणूस बायकापोरांसह तिकडे जाऊन राहावा लागतो. अंबड-घनसावंगीच्या काळ्या रानात ज्याने ऊस केलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. ऊस इराणच्या दक्षिणेपर्यंत आला आणि सीमेशी अडला. इ. स. ६२७-२८च्या हिवाळ्यात रोमन सम्राट हेराक्लियसने इराणी बादशहाचा दस्तगिर्दचा महाल लुटला, तेव्हा लुटीच्या यादीत रेशीम, मिरी, सुंठ यांच्या जोडीला साखरही होती. साखर ही तेव्हा रोमनांना बादशहाच्या कोठारातून लुटून आणायची चीज वाटत होती!

आता वर्ष ६२८. या एका वर्षाशी मी नेहमी थबकतो. याच वर्षी इराणचा बादशहा दुसरा खुस्रो मारला गेला आणि २६ वर्षं चाललेलं रोमन-इराणी युद्ध संपलं. दोन्ही बाजूंची तिजोरी रिकामी, माणूसबळ संपलेलं, त्यात प्लेगच्या साथी. याच वर्षी मक्केजवळ हुदैबियाला प्रेषित महंमदांनी मक्केच्या लोकांशी तह केला. याच वर्षी राजस्थानात भिनमाळला ब्रह्मगुप्ताने आपला ब्रह्मस्फुटसिद्धांत पुरा केला आणि शून्याशी बेरीज-वजाबाकी-गुणाकार कसा करायचा याचे नियम लिहून ठेवले. आणि आपल्याकडे तेव्हा बदामीचा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. सहा-सात वर्षांनी कोरलेला त्याचा ऐहोळचा शिलालेख ‘तीन महाराष्ट्रकां’चा आणि त्यांतल्या ९९ हजार गावांचा उल्लेख करतो. या चौघांतल्या कुणालाही कल्पना नव्हती की पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत त्यांचे धागे एकमेकांत गुंतणार आहेत.

पुढे जे घडलं त्याचा वेग आजही चक्रावून टाकतो. ६३६मध्ये यार्मूकच्या लढाईने सीरिया रोमनांच्या हातून गेला. ६४२पर्यंत इजिप्त गेला. ६५१मध्ये इराणचा शेवटचा बादशहा यज्दगिर्द पळता पळता मर्वजवळ मारला गेला आणि चार शतकांचं ससानी राज्य संपलं. ७११ साली तारिक स्पेनच्या किनाऱ्यावर उतरला, आणि त्याच सुमारास महंमद बिन कासिम सिंधकडे निघाला. एकाच खलिफाचे दोन सरदार, एक अटलांटिकच्या तोंडाशी, दुसरा सिंधूच्या मुखाशी!

दोन भावांच्या वावरांमधला बांध फोडला की एका बाजूचं पाणी सगळ्या रानात पसरतं. पश्चिम आशियात तेच झालं. तीन दरवाज्यांची ती सीमा एका पिढीत पुसली गेली. बसऱ्याचा शेतकरी इजिप्तमध्ये, इजिप्तचा मजूर सिसिलीत, दमास्कसचा माळी कोर्दोबात जाऊन वसू शकला. त्यांच्याबरोबर ऊस गेला, भात गेला, लिंबू गेलं, कापूस पसरला. ही पिकं अरबांनीच पहिल्यांदा नेली की काही आधीच थोडीफार पोचली होती, यावर अभ्यासकांत वाद आहे आणि तो खरा वाद आहे. इजिप्तच्या वाळवंटी ओॲसिसांत रोमन काळातही कापूस होत असे. पण थोडक्या वाफ्यांत पीक असणं वेगळं आणि त्याच्यावर गावंच्या गावं जगणं वेगळं. नवव्या शतकात इराणच्या पठारावर कापसाची जी लाट आली, ती नव्या राजवटीतच आली.

मग ते विजय झाले नसते, तर हे सगळं अडूनच राहिलं असतं का?

अंकांचं उदाहरण घेऊ, कारण तिथे पुरावा फार नामी आहे. नेहमीची हकिकत अशी: ७७०च्या दशकात सिंधकडून एक ज्योतिषी खलिफा मन्सूरच्या बगदादमध्ये गेला, त्याच्याजवळचा सिद्धांत अरबीत उतरवला गेला, ८२५च्या सुमारास अल-ख्वारिज्मीने भारतीय अंकांनी हिशोब करण्यावर पुस्तक लिहिलं. पुढे उत्तर आफ्रिकेतल्या बेजायाच्या बंदरात, वडलांचं जकातीचं काम होतं तिथे, पिसाचा फिबोनाची हे अंक शिकला आणि १२०२ साली त्याने लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. सिंध, बगदाद, बेजाया, पिसा. शेवटचं सोडलं तर सगळी ठाणी विजयांनी जोडलेल्या पट्ट्यावर.

पण ६६२ साली, म्हणजे बगदाद वसायच्या शंभर वर्षं आधी, फरात नदीकाठच्या एका मठातला सेवेरस सेबोख्त नावाचा ख्रिस्ती धर्मगुरू ग्रीकांच्या घमेंडीवर चिडून लिहितो, की विद्या काही यांच्या एकट्यांची नाही, हिंदी लोक नऊ चिन्हांनी असा हिशोब करतात की वर्णन करता येत नाही. म्हणजे अंक आधीच वाटेला लागले होते! पंचतंत्र तर त्याच्याही आधी, सहाव्या शतकात बुर्झोय नावाच्या इराणी वैद्याने पहलवीत नेलं होतं. बुद्धिबळाचा पटही तसाच इराणात पोचला होता.

म्हणून माझं मत असं की विजय झाले नसते तरी अंक, गोष्टी आणि खेळ इराणपर्यंत आणि तिथल्या सीरियाई ख्रिस्ती विद्वानांपर्यंत पोचलेच असते. अडले असते ते पुढे. शहाण्याला दुसऱ्या शहाण्याचं पुस्तक मिळतं, पण बंदरातल्या मुनिमाच्या पोराच्या बोटांवर अंक बसायचे तर त्या बंदराचा पूर्वेशी रोजचा व्यवहार हवा. पिसाच्या पोराला तो बेजायात मिळाला. विजयांशिवाय उत्तर आफ्रिका बहुधा लॅटिन बोलणारी, रोमशी बांधलेली राहिली असती, आणि तिथल्या जकात नाक्यावर रोमन आकडेच चालले असते. मग युरोपचा हिशोब किती शतकं मागे राहिला असता? निदान दोन-तीन, असं मला वाटतं.

धर्मांचा नकाशा तर ओळखूच आला नसता. इजिप्त, सीरिया ख्रिस्ती राहिले असते, इराणात अग्निमंदिरं धगधगत राहिली असती, अफगाणिस्तानात बौद्ध विहार. आणि कोकणात? सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ख्रिस्ती व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की ‘कल्लियाना’ बंदरात ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणातून नेमला जातो. हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कल्याणच्या खाडीवर, चौदा-पंधराशे वर्षांपूर्वी, इराणी बिशप! ती वाट खुंटली नसती तर ठाणे-कल्याण-चौलच्या बंदरांत सीरियाई प्रार्थना म्हणणारी मोठी वस्ती वाढली असती, केरळात वाढली तशी.

आणि भारतावर चालून येणारी घोडदळं? इथे मात्र मला फारसा फरक दिसत नाही. वायव्येकडून शक आले, कुशाण आले, हूण आले, ते सगळे इस्लामच्या आधी. मध्य आशियातल्या गवताळ रानात जो घोडा आणि धनुष्य घेऊन वाढतो तो पाणी आणि चारा कमी पडला की दक्षिणेकडे बघतो, मग त्याचा देव कोणताही असो. आठव्या शतकात उइगुर तुर्कांचा खान मानीचा धर्म स्वीकारत होता, पुढे केराइतांसारख्या टोळ्या ख्रिस्ती झाल्या. १२९६ साली अलाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला. न घडलेल्या इतिहासात तो आलाच नसता. पण एखादा बौद्ध किंवा ख्रिस्ती तुर्क सरदार सातपुड्याच्या घाटातून कधीतरी खाली उतरलाच नसता, याची खात्री कोण देईल?

आता महाराष्ट्राकडे वळू, कारण या प्रश्नातली सगळ्यात नवलाची गोष्ट इथेच आहे.

ते विजय आपल्या दारापर्यंत आले होते. पहिल्यांदा तर फार लवकर, ६३६च्या सुमारास, यार्मूकच्या लढाईच्याच वेळी! बहरीन-ओमानचा अरब सुभेदार उस्मान याने ठाण्यावर आरमार पाठवलं. नवव्या शतकातला इतिहासकार अल-बलाधुरी सांगतो की खलिफा उमर यांना हे कळलं तेव्हा ते संतापले. समुद्रावर माणसं घालवणं त्यांना मान्य नव्हतं, आणि ही माणसं बुडाली असती तर तुझ्याच टोळीतली तितकी माणसं मी घेतली असती, असं त्यांनी सुभेदाराला बजावलं. एका रागावलेल्या पत्रामुळे कोकणाचा इतिहास वेगळा राहिला असेल का? थोडा तरी, नक्कीच.

दुसऱ्यांदा फौज सिंधहून जमिनीवरून आली. सौराष्ट्र, कच्छ, गुर्जरांचा मुलूख तुडवत ती नवसारीला आली. पुढे दख्खन. तिथे बदामीच्या चालुक्यांचा लाटदेशातला, म्हणजे दक्षिण गुजरातेतला, नातलग अवनिजनाश्रय पुलकेशी आडवा आला आणि फौज मागे फिरली. त्याचा ७३९चा नवसारी ताम्रपट या लढाईचं वर्णन करतो. बदामीच्या राजाने खूश होऊन त्याला पदव्या दिल्या, त्यांतली एक ‘दक्षिणापथ-साधार’, म्हणजे दक्षिणापथाचा आधारस्तंभ. आणखी एक ‘अनिवर्तक-निवर्तयिता’, म्हणजे मागे न फिरणाऱ्यांना मागे फिरवणारा.

तारखा जुळवून पाहा. ७१८मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा वेढा फसला. ७३२मध्ये फ्रान्सात तूरच्या लढाईत फौज अडली. ७३९च्या आत नवसारी. वीसेक वर्षांत, तीन टोकांना. फ्रान्सच्या लढाईवर ग्रंथालयं भरली आहेत. आणि नवसारीचा वीर पुलकेशी किती मराठी मुलांना ठाऊक आहे?

याच सुमारास दंतिदुर्ग नावाचा चालुक्यांचा एक तरुण सामंत पुढे आला. नवसारीच्या झुंजीत तोही होता असं काही इतिहासकारांना वाटतं. ७५३च्या आसपास त्याने बदामीच्या धन्यालाच बाजूला सारलं आणि राष्ट्रकूट साम्राज्य उभं केलं. त्याचा चुलता पहिला कृष्ण याच्या काळात वेरुळचं कैलास लेणं खोदलं गेलं, वरून खाली, एका अखंड कड्यातून. सिंधकडून ते आक्रमण आलंच नसतं तर दंतिदुर्गाला नाव गाजवायची संधी मिळाली असती का? आणि कैलास? कुणी खात्रीने सांगू शकणार नाही, पण जालन्याहून वेरुळला सहलीला जाताना हा विचार जरूर करावा.

आठव्या शतकात दख्खनच्या उंबऱ्यावर विजय थांबले. म्हणजे इथून १२९६पर्यंत साडेपाचशे वर्षं आपल्या भूमीवर इस्लाम होता, पण विजेत्याचा नव्हता. न घडलेल्या इतिहासाचा नमुना इथे प्रत्यक्षात घडला!

त्याचा पुरावा पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला सापडला. ताम्रपट, भाषा संस्कृत, शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६. राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या इंद्राचं राज्य. संजाणच्या मंडलावर राष्ट्रकूटांनी नेमलेला अधिकारी कोण? ताजिक, म्हणजे अरब, नाव ‘मधुमती’. संस्कृत पंडिताने महंमद या नावाला घातलेला हा गोड वेष! त्याच्या बापाचं नाव सहियारहार, हेही शहरियारचंच रूप दिसतं. या मधुमतीने काय केलं? दोन नद्यांवर लोकांसाठी फुकट नाव चालू केली. संजाणला अन्नछत्र काढलं, तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. आणि अन्नय्य नावाच्या गृहस्थाने बांधलेल्या भगवतीच्या मठिकेला सम्राटाच्या परवानगीने जमीन दिली. एक मुसलमान अधिकारी, एका शैव-वैष्णव राजघराण्याच्या नोकरीत, देवीच्या पूजेची सोय लावतो आहे आणि वाटसरूंच्या पानात तूप वाढतो आहे.

हे एकटं उदाहरण नाही. ९१६ साली अरब प्रवासी अल-मसूदी सैमूरला, म्हणजे आपल्या रायगडातल्या चौलला आला. शिलाहार राजा झंझाच्या राज्यात तिथे दहा हजारांच्या घरात मुसलमान राहत होते, कुणी ओमानचे, कुणी बसऱ्याचे, बरेच इथेच जन्मलेले. राजाने त्यांच्यातलाच एक मुखिया नेमला होता, त्यांचे तंटे तोच मिटवी. अरब प्रवासी राष्ट्रकूट राजाला जगातल्या चार मोठ्या राजांत मोजत, खलिफा, चीनचा सम्राट आणि कॉन्स्टँटिनोपलचा कैसर यांच्या पंगतीत.

एक प्रामाणिक हरकत घेता येईल, आणि ती मीच घेतो. हे अरब व्यापारी बसरा आणि सिराफहून येत, आणि ती बंदरं विजयांनंतरच्या बगदादच्या पैशावर फुगली होती. खरं आहे. पण अरब खलाशी कोकणच्या पाण्यात इस्लामच्या आधीपासून होते. विजय झाले नसते तर नवा धर्म तलवारीच्या आधी गलबतातून आला असता, सुमात्रा-मलाक्याकडे पुढे आला तसा, थोडा हळू, किनाऱ्याकिनाऱ्याने.

आणि त्याच चिंचणीच्या ताम्रपटात ‘हंयमन’ असा एक उल्लेख येतो. अनेक अभ्यासक तो पारशांच्या अंजुमनाचा मानतात. संजाण म्हणजे तेच बंदर, जिथे इराण सोडून आलेले पारशी उतरले अशी त्यांची परंपरा सांगते. मुसलमान अधिकारी, पारशी पंचायत, देवीची मठिका आणि कर्नाटकात बसलेला सम्राट, सगळे एका तांब्याच्या पत्र्यावर!

इथे न घडलेल्या इतिहासाचा हिशोब एकदम घरापर्यंत येतो. ६५१मध्ये इराण पडलं नसतं तर पारशी भारतात आलेच नसते. मग १८२५-२६मध्ये वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर घाट उतरवून मुंबईला कुणी पाठवला असता? तो पाठवला तारापूरच्या विकाजी आणि पेस्तनजी या मेहेरजी बंधूंनी. पुढे निजामाच्या राज्यात या घराण्याचा इतका दबदबा झाला की औरंगाबादला पाडलेला रुपया पेस्तनशाही म्हणून ओळखला जाई. आणि जमशेटजी टाटा जन्मले ते नवसारीत, त्यांच्या जन्माच्या अकराशे वर्षं आधी अवनिजनाश्रयाने फौज परतवली त्याच गावी. १ जानेवारी १८७७ला त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, कारण कापूस तिथे दाराशी होता. न घडलेल्या इतिहासात हे कुटुंब इराणातल्या एखाद्या अग्निमंदिराशेजारी धर्मकार्यात रमलेलं असतं, आणि नागपूरच्या त्या जागेवर कुणाची गिरणी उभी राहिली असती, किंवा राहिली असती की नाही, ते कुणालाच सांगता येणार नाही.